बुक ऑफ मॉर्मन : पाठातील दोष आणि ग्रंथाची अस्सलता

अक्षरयात्री

मॉर्मन पंथाच्या धर्मग्रंथाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात दोन प्रश्नांची सतत गल्लत होते, म्हणून हा धागा काढत आहे. पहिला प्रश्न पाठाचा आहे: १८३० साली छापलेल्या पुस्तकात आणि आजच्या पुस्तकात कोणते फरक आहेत, ते कोणी केले आणि का केले? दुसरा प्रश्न उगमाचा आहे: हा मजकूर खरोखर इसवी सनाच्या पाचव्या शतकात अमेरिका खंडात पुरलेल्या सुवर्णपत्रांवरून आला, की एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्क राज्यात तयार झाला? विरोधक पहिल्या प्रश्नातील आकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे करतात, समर्थक ते सारे शुद्धलेखनाचे बदल आहेत असे सांगून दोन्ही प्रश्न एकदमच मिटवतात, आणि ज्या ओळींत खरा पुरावा दडलेला आहे त्या ओळी मात्र न वाचताच राहतात.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) हा व्हरमाँटमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्क राज्यातील पामायरा परिसरात वाढलेला, शेतकरी कुटुंबातील तरुण होता. मोरोनाय नावाच्या देवदूताने दाखवलेल्या टेकडीतून २२ सप्टेंबर १८२७ रोजी आपल्याला सुवर्णपत्रे मिळाली आणि त्यांवरील ‘सुधारित इजिप्शियन’ लिपीतील मजकूर आपण ईश्वरी सामर्थ्याने इंग्रजीत आणला, असे त्याने सांगितले. ग्रंथातील कथेनुसार इ.स.पू. ६००च्या सुमारास, राजा सिद्कीयाच्या काळात, लीहाय नावाचा संदेष्टा कुटुंबासह यरुशलेम सोडून अखेर समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचला, त्याच्या वंशजांचे नेफाइट आणि लेमनाइट असे दोन समाज झाले, पुनरुत्थानानंतर ख्रिस्ताने त्यांना दर्शन दिले, आणि पुढे नेफाइटांचा संहार झाला तेव्हा मॉर्मन व त्याचा मुलगा मोरोनाय यांनी हा सारा इतिहास पत्र्यांवर संक्षेपाने कोरून ठेवला.

स्मिथ मजकूर तोंडी सांगत असे आणि लेखनिक तो उतरवून घेत असत. टोपीत दगड ठेवून व टोपीत चेहरा घालून तो ओळी सांगत असे, अशी नोंद जवळच्या साक्षीदारांनी केली आहे, आणि त्या दगडाचे छायाचित्र यूटातील मुख्य मॉर्मन चर्चने स्वतःच २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. १८२८ मध्ये लिहिलेली पहिली ११६ पाने मार्टिन हॅरिसने घरच्यांना दाखवण्यासाठी नेली आणि ती हरवली. आज आपल्यासमोर असलेला बहुतेक मजकूर एप्रिल ते जून १८२९ या काळात, मुख्यतः ऑलिव्हर काउडरी या लेखनिकाच्या हातून उतरला. काउडरीने त्याची दुसरी प्रत, म्हणजे मुद्रणप्रत, छापखान्यासाठी तयार केली. मार्च १८३० मध्ये पामायरा येथील ग्रँडिन यांच्या छापखान्यातून ५,००० प्रती विक्रीस आल्या, आणि ३,००० डॉलरच्या छपाईखर्चासाठी त्याच हॅरिसने आपले शेत गहाण टाकले होते.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे पुस्तक फार भाग्यवान आहे. मूळ हस्तलिखित १८४१ मध्ये नॉवू येथील एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवले गेले, १८८२ मध्ये ते बाहेर काढले तेव्हा ओलीने बरेचसे कुजलेले होते, आणि त्याचा सुमारे २८ टक्के भाग आज उरला आहे. मुद्रणप्रत मात्र जवळजवळ संपूर्ण उपलब्ध आहे; ती २०१७ मध्ये कम्युनिटी ऑफ ख्राईस्ट या स्मिथच्याच परंपरेतील दुसऱ्या पंथाकडून यूटातील चर्चने ३.५ कोटी डॉलरना विकत घेतली. रॉयल स्काउझेन या भाषाशास्त्रज्ञाने १९८८ पासून या दोन्ही हस्तलिखितांचा आणि पुढच्या आवृत्त्यांचा शब्दशः ताळा घेतला. ते स्वतः श्रद्धावान मॉर्मन आहेत, तरीही त्यांच्या कामाचा उपयोग दोन्ही बाजूंचे अभ्यासक विश्वासाने करतात.

या कामातून जे दिसते त्यातील बरेचसे निरुपद्रवी आहे. पहिल्या छपाईच्या वेळी हस्तलिखितात विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच. ती जॉन गिल्बर्ट या जुळाऱ्याने स्वतःच्या समजुतीने घातली. लेखनिकाच्या ऐकण्यातील चुका, नक्कल करताना झालेल्या चुका आणि खिळे जुळवताना झालेल्या चुका अशा तीन थरांच्या चुका वेगवेगळ्या काढून दाखवता येतात. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी स्मिथने स्वतः मुद्रणप्रतीवर दुरुस्त्या केल्या, आणि त्यांतील शेकडो दुरुस्त्या केवळ संबंधी सर्वनामे व क्रियापदांची रूपे प्रमाण इंग्रजीत आणण्यासाठी होत्या. जेराल्ड व सँड्रा टॅनर या दांपत्याने १९६५ मध्ये ३,९१३ बदल मोजून प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हा आकडा विरोधकांच्या प्रत्येक लेखात येतो. माझ्या मते उगमाच्या प्रश्नाबाबत हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण पुरातन मजकुराच्या अडाणी भाषांतरातही इतक्याच व्याकरणदुरुस्त्या कराव्या लागल्या असत्या.

एका अटीवर मात्र हा आकडा बोलू लागतो, आणि ती अट पंथाच्या परंपरेनेच घातलेली आहे. दगडावर शब्द उमटत, लेखनिकाने तो बरोबर लिहिल्याशिवाय पुढचा उमटत नसे, असे वर्णन डेव्हिड व्हिटमरसारख्या साक्षीदारांनी पुढे केले, आणि १८४१ मध्ये खुद्द स्मिथने हे पुस्तक पृथ्वीवरील सर्व ग्रंथांत अधिक अचूक असल्याचे सांगितले. शब्द न् शब्द ईश्वराने पुरवला असे मानले, तर व्याकरणाच्या चुका कोणाच्या हा प्रश्न टाळता येत नाही. ग्रंथाचे मुखपृष्ठ मात्र अधिक नम्र आहे. त्यात दोष असलेच तर ते माणसांचे आहेत असे तिथे स्पष्ट म्हटलेले आहे. म्हणजे शब्दशः अचूकतेचा दावा परंपरेने ग्रंथावर लादलेला आहे, आणि तो दावा कोसळला तरी ग्रंथाचा स्वतःचा दावा त्यामुळे कोसळत नाही.

ग्रंथाचा हा पुरातनतेचा दावा तपासायचा असेल तर माझ्या मते बायबलशी जुळणाऱ्या उताऱ्यांकडे वळावे. (बुक ऑफ मॉर्मन हे बायबलप्रमाणेच नेफी, मोसायाह, आल्मा, हीलामन, ईथर अशा नावांच्या अनेक पुस्तकांचे मिळून बनलेले आहे.) यशयाच्या पुस्तकातील २ ते १४ हे अध्याय नेफीच्या दुसऱ्या पुस्तकात सलग आले आहेत, ४८ व ४९ हे अध्याय पहिल्या पुस्तकात आहेत, ५३ वा मोसायाहच्या पुस्तकात आहे, आणि मत्तयातील डोंगरावरील प्रवचन तिसऱ्या नेफीत ख्रिस्ताच्या तोंडी आहे. हे सारे उतारे १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या इंग्रजीत आहेत, आणि ते केवळ शैलीने तसे नाहीत. त्या भाषांतरामागे जो उशिराच्या हस्तलिखितांवर आधारलेला ग्रीक पाठ होता, त्याचे दोषही त्यांत उतरले आहेत. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी ‘राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत’ या आशयाची जी ओळ आहे, ती मत्तयाच्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. तिसऱ्या नेफीत ती आहे. यावर जाणकारांनी मत द्यावे.


उत्तरकाठ

धागा आवडला. बरीच वर्षे यूटामध्ये राहत असल्यामुळे माझे शेजारी आणि सहकारी प्रामुख्याने याच पंथाचे आहेत. मी स्वतः त्या पंथाची नाही, पण त्यांच्यातील अभ्यासकांची बाजू इथे नीट मांडली जावी असे मला मनापासून वाटते.

भाषांतरकाराने ओळखीच्या धर्मभाषेचा आधार घेणे अनैसर्गिक नाही, असे त्यांचे पहिले म्हणणे आहे. १८२९ च्या अमेरिकेत यशया म्हटले की लोकांच्या कानात किंग जेम्सचेच शब्द असत, आणि ईश्वराने त्या लोकांना समजेल अशा भाषेत मजकूर दिला असेल तर तो याच शब्दांत येणार. दुसरे म्हणजे, बायबल समोर ठेवून नक्कल केल्याची खूण मूळ हस्तलिखितात सापडत नाही. स्काउझेन यांनी दाखवल्याप्रमाणे यशयाचे उतारेसुद्धा इतर मजकुराप्रमाणेच ऐकून लिहिलेले दिसतात. जोसेफची पत्नी एमा हिने १८७९ मध्ये आपल्या मुलाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले की, मजकूर सांगताना तिच्या नवऱ्यासमोर कोणतेही पुस्तक किंवा हस्तलिखित नव्हते, आणि त्या काळात त्याला एक सुसंगत पत्रही धड सांगता येत नव्हते.

तिसरे, पहिल्या आवृत्तीत अशा वाक्यरचना आहेत ज्या इंग्रजीत कानाला खटकतात आणि हिब्रूत सहज बसतात. हीलामनच्या १२ व्या अध्यायात ‘जर त्याने पृथ्वीला म्हटले, हल, आणि ती हलते’ अशी ‘जर…आणि’ या जोडीची वाक्ये ओळीने येतात. १८३७ मध्ये इंग्रजी सुधारण्याच्या ओघात ती ‘आणि’ काढून टाकण्यात आली. ज्याला आपण दोष समजून दुरुस्त केले तीच जुनेपणाची खूण असावी, असा यातून निष्कर्ष काढला जातो. याखेरीज आल्माच्या ३६ व्या अध्यायातील उलटक्रमाची रचना जॉन वेल्च यांनी १९६७ मध्ये दाखवली, आणि यमनमधील मारिबजवळच्या मंदिरातील इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांच्या सुमाराच्या वेदींवर ‘न-ह-म’ ही अक्षरे असलेले टोळीचे नाव सापडले, जे लीहायच्या प्रवासातील ‘नाहोम’ या ठिकाणाशी जुळते.

आपण दिलेल्या डोंगरावरील प्रवचनातच एक उलट उदाहरणही आहे. भावावर ‘विनाकारण’ रागावणाऱ्याविषयी किंग जेम्समध्ये जे वचन आहे त्यातील ‘विनाकारण’ हा शब्द तिसऱ्या नेफीत नाही, आणि सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही तो नाही. मग इथे स्मिथ किंग जेम्सच्या पुढे कसा गेला?


मेघदूती

माझा प्रश्न सोपा आहे. व्याकरणाचे बदल बाजूला ठेवले तरी, आशय बदलणारे बदल किती गंभीर आहेत? पहिल्या आवृत्तीत मरियेला ‘देवाची आई’ म्हटले होते आणि पुढे ते ‘देवाच्या पुत्राची आई’ असे झाले, असे मी वाचले आहे. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जोसेफ स्मिथ ‘लेखक व मालक’ होता असेही वाचले. ही दोन्ही उदाहरणे निर्णायक मानावीत का?


अक्षरयात्री

मेघदूती, मुखपृष्ठाचे उदाहरण सोडून द्यावे. त्या काळच्या स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या भाषेत ‘लेखक व मालक’ हे शब्द होते आणि नोंदणीसाठी ते तसे छापले गेले. १८३७ मध्ये तिथे ‘भाषांतर’ असा शब्द आला. यातून कबुलीजबाब काढणे अन्यायाचे आहे.

पहिले उदाहरण मात्र गंभीर आहे. नेफीच्या पहिल्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात १८३० साली ‘देवाची आई’ असे होते, तसेच कोकऱ्याविषयी, म्हणजे ख्रिस्ताविषयी, ‘होय, तोच सनातन पिता’ असे होते. १८३७ मध्ये या जागी अनुक्रमे ‘देवाच्या पुत्राची आई’ आणि ‘सनातन पित्याचा पुत्र’ असे पाठ आले. ही लेखनिकाची चूक दुरुस्त करणे नव्हे, कारण उपलब्ध जुना पाठ १८३० च्याच बाजूने आहे. पिता आणि पुत्र यांच्याविषयी स्मिथची शिकवण १८३० ते १८४४ या काळात बदलत गेली आणि ते दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत हे अधिकाधिक ठामपणे सांगितले जाऊ लागले. तरीही इतर ठिकाणचे तशाच अर्थाचे पाठ त्याने बदलले नाहीत, त्यामुळे लबाडीने पुरावा पुसला असे म्हणणे टिकत नाही. संपादकाला जिथे गैरसमजाची भीती वाटली तिथे त्याने स्पष्टीकरण घातले, एवढेच यातून दिसते, आणि तेही ग्रंथ ईश्वराच्या शब्दांत आला असे मानणाऱ्यासाठी अडचणीचेच आहे.

दुसऱ्या नेफीच्या ३० व्या अध्यायातील लेमनाइटांच्या वंशजांविषयीचे ‘गोरे व मनोहर’ हे शब्द १८४० च्या आवृत्तीत ‘शुद्ध व मनोहर’ झाले, पुढच्या आवृत्त्या १८३७ च्या शाखेतून निघाल्यामुळे जुने शब्द परत आले, आणि १९८१ मध्ये पुन्हा ‘शुद्ध’ आले. हा बदल तेवढा एकाच जागी आहे; कातडीच्या रंगाला शाप मानणारी इतर वचने ग्रंथात तशीच आहेत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या ही वचने स्वतःविषयीची म्हणून ऐकली आहेत, आणि पाठभेदाच्या चर्चेत हे विसरले जाऊ नये असे मला तीव्रतेने वाटते.

उत्तरकाठ, आपण बाजू उत्तम मांडली. ‘विनाकारण’ या शब्दाविषयी सांगायचे तर तो प्रक्षिप्त असल्याचे मत अठराव्या शतकातच इंग्रजीत उपलब्ध होते. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी नव्या करारावरील आपल्या टिपांत तो शब्द मूळचा नाही असे म्हटले आहे, आणि स्मिथच्या भोवतालच्या समाजात मेथडिस्ट प्रचारकांचा वावर मोठा होता. स्टॅन लार्सन यांनी या प्रवचनातील ज्या जागी किंग जेम्सच्या मागचा ग्रीक पाठ चुकीचा असल्याचे आता सर्वमान्य आहे अशा जागा तपासल्या, तेव्हा तिसरा नेफी दरवेळी त्या चुकीच्या पाठाबरोबर गेलेला दिसला. एका जागेच्या जुळणीपेक्षा ही सलग संगती मला अधिक वजनदार वाटते.

‘नाहोम’विषयी एक गोष्ट मराठी वाचकांना रोचक वाटेल. यमनचा जो नकाशा कार्स्टन नीबूर यांनी अठराव्या शतकात केला त्यात ‘नेह्म’ हा प्रदेश दाखवलेला आहे. हेच नीबूर त्या मोहिमेत पुढे मुंबईत आले आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व रेखाटने त्यांनी केली. स्मिथने तो नकाशा पाहिला होता असा पुरावा नाही, त्यामुळे मी त्यावर काहीच उभारत नाही. पण ‘न-ह-म’ हे सेमिटिक भाषांतील नेहमीचे धातुरूप आहे आणि लीहायच्या प्रवासातील एका नावाची जुळणी ग्रंथातील अमेरिकेच्या बाजूच्या एकाही नगराच्या शोधाची उणीव भरून काढू शकत नाही.


शिळाप्रेस

मी संस्कृत पाठचिकित्सेच्या बाजूने लिहितो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (१९१९ ते १९६६), तेव्हा त्यांच्यासमोर कर्त्याच्या हातची किंवा त्याच्या काळची एकही पोथी नव्हती. शाखाशाखांच्या पोथ्यांवरून मागे मागे जात त्यांनी सर्वांत जुना पाठ उभा केला. बुक ऑफ मॉर्मनच्या बाबतीत स्थिती अगदी उलटी आहे. कर्त्याच्या समोर बसून लिहिलेली पाने आपल्या हाती आहेत आणि त्यांच्या मागे जाण्याची वाटच नाही, कारण सुवर्णपत्रे देवदूताने परत नेली. इतर कोणताही ‘प्राचीन’ ग्रंथ अशा स्थितीत नसतो: त्याची पोथीपरंपरा थेट एका इंग्रजी हस्तलिखितात सुरू होते. म्हणून अंतर्गत पुराव्यावरच सारा भार पडतो.

त्या दृष्टीने यशयाचा ९ वा अध्याय मी ताडून पाहिला, आणि त्यात दोन्ही पक्षांसाठी एकेक गोष्ट सापडली. पहिल्या वचनात गालीलाच्या संदर्भात ‘समुद्राकडील मार्ग’ असे शब्द आहेत. दुसऱ्या नेफीत तिथे ‘तांबड्या समुद्राकडील मार्ग’ असे आहे. जबुलून आणि नफताली यांचा प्रदेश उत्तरेस आहे आणि तांबडा समुद्र दक्षिणेस कितीतरी दूर, त्यामुळे हा शब्द कोणत्याही जुन्या पाठात असण्याची शक्यता नाही. स्काउझेन यांना हा लेखनिकाचा दोष वाटला तर मला आश्चर्य वाटणार नाही, पण आजही तो छापील ग्रंथात आहे. दोनच वचने पुढे किंग जेम्समध्ये ‘तू राष्ट्राची वृद्धी केलीस आणि आनंद वाढवला नाहीस’ असे अर्थाला छेद देणारे वाक्य आहे. दुसऱ्या नेफीत तो नकार नाही, आणि हिब्रू वाचनपरंपराही नकाराच्या विरुद्ध आहे. समर्थक इथे थांबतात. मात्र किंग जेम्सच्या समासात याच जागी पर्यायी पाठ दिलेला होता, आणि समास न पाहणाऱ्या साध्या वाचकालाही ते वाक्य विसंगत वाटून नकार गाळावासा वाटला असता.


उत्तरकाठ

समासाचा मुद्दा मान्य. पण दुसऱ्या अध्यायातील जहाजांचे काय? किंग जेम्सचा पाठ ‘तार्शीशची सर्व जहाजे’ असा आहे, सेप्तुआगिंत या हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘समुद्रावरील प्रत्येक जहाज’ आहे, आणि दुसऱ्या नेफीत दोन्ही आहेत. मूळ काव्यातील दोन ओळींपैकी एक हिब्रूत उरली आणि एक ग्रीकमध्ये, असे हे चित्र पाहिले तर मन हलते.


शिळाप्रेस

मन हलते हे खरे, परंतु पोथ्यांच्या अभ्यासकाला अशी जोडवाक्ये नेहमी भेटतात आणि त्यांचा अर्थ बहुधा उलटा निघतो. एकाच ओळीची दोन भाषांतरे असतात आणि दोन्ही माहीत असलेला माणूस एकही न सोडता दोन्ही लिहून टाकतो. यशयाच्या त्या भागात दोन-दोन समांतर चरणांच्या जोड्या आहेत: देवदारू व अल्लोन वृक्ष, पर्वत व टेकड्या, बुरूज व तट, जहाजे व मनोहर वस्तू. तिसरा चरण आला की शेवटची जोडी मोडते. शिवाय सेप्तुआगिंतचा तो पाठ त्या काळच्या इंग्रजी भाष्यांतून नमूद झालेला होता, हे या पंथातीलच अभ्यासकांनी मांडलेले आहे.


मेघदूती

यशयाचा उत्तरार्ध बॅबिलोनच्या बंदिवासात लिहिला गेला, मग इ.स.पू. ६०० मध्ये निघालेल्या लीहायकडे तो कसा, हा आक्षेप इथे कोणी घेतला नाही याचे आश्चर्य वाटले.


अक्षरयात्री

तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय बंदिवासातील आहेत हे बहुसंख्य अभ्यासकांना मान्य आहे, आणि बुक ऑफ मॉर्मन त्यांतील बरेच मोठे उतारे देते. परंतु पर्शियाच्या कोरेश (सायरस) राजाचे नाव आधीच सांगणारे भविष्य शक्य आहे असे मानणाऱ्या श्रद्धावंताला हा आक्षेप पोहोचत नाही, आणि चर्चा पाठावरून भविष्यकथनाच्या शक्यतेवर जाते. दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा जमिनीवर उभा असलेला आक्षेप मला अधिक हवा असतो.

असा आक्षेप मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटात आहे. १६ व्या अध्यायाची ९ ते २० ही वचने सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत नाहीत, आणि ती नंतर जोडली गेली हे आज श्रद्धावान ख्रिस्ती अभ्यासकही मोकळेपणे सांगतात. ‘सर्व जगात जा’, ‘विश्वास धरणाऱ्यांबरोबर ही चिन्हे असतील’, ‘ते सर्प उचलतील’ ही वचने त्याच जोडलेल्या भागातील आहेत, आणि याच ग्रंथातील ‘मॉर्मन’ नावाच्या पोटपुस्तकाच्या ९ व्या अध्यायात मोरोनाय ती त्याच क्रमाने, किंग जेम्सच्याच शब्दांत उद्धृत करतो. ख्रिस्ताने हीच वाक्ये अमेरिकेतील शिष्यांनाही सांगितली असतील असे उत्तर दिले जाते, आणि तो ग्रंथ तसे म्हणतोही. पण मग पूर्व भूमध्य प्रदेशातील अज्ञात लेखकाने मार्कला जोडलेला समारोप आणि महासागरापलीकडे ख्रिस्ताने उच्चारलेले शब्द हे एकमेकांशी कोणताही संपर्क नसताना, सतराव्या शतकातील इंग्रजी भाषांतरापर्यंत ओळीने ओळ जुळले असे मानावे लागेल. सिनायटिकस हे हस्तलिखित १८३० मध्ये पाश्चात्त्य अभ्यासकांना माहीतच नव्हते. टिशेनडॉर्फने ते १८४४ पासून पुढे उजेडात आणले. त्यामुळे १८२९ मध्ये बायबल तोंडपाठ असलेल्या माणसाला हा भाग टाळण्याचे कोणतेच कारण नव्हते.

घोडे, पोलाद, गहू, रथ यांविषयीचे आक्षेप सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते उगाळत नाही. अमेरिकेतील घोडा हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाला आणि स्पॅनिश लोकांनी तो परत आणला, एवढेच नोंदवतो. ॲरिझोनात जवाची स्थानिक जात लावली जात होती हे १९८३ मध्ये सिद्ध झाले, हा समर्थकांच्या बाजूचा योग्य मुद्दा आहे. मात्र ते धान्य जुन्या जगातील जव नव्हे.


शिळाप्रेस

राजा बेंजामिनचा पाठभेद इथे यायला हवा, कारण माझ्या मते संपूर्ण ग्रंथातील तो सर्वांत बोलका पाठभेद आहे. मोसायाहच्या २१ व्या अध्यायात १८३० साली असे होते की, कोरीव लेख वाचण्याची ईश्वरी देणगी ‘राजा बेंजामिन’ याला आहे. कथेच्या ओघात बेंजामिन तोपर्यंत वारलेला असावा, आणि गादीवर त्याचा मुलगा मोसायाह आहे. १८३७ मध्ये तिथे ‘राजा मोसायाह’ असा पाठ केला गेला. ईथरच्या ४ थ्या अध्यायातही हीच अदलाबदल आहे आणि ती १८४९ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. लेखनिकाने एकदा नाव चुकवले असते तर समजता आले असते. परंतु दोन वेगळ्या पुस्तकांत, एकाच विषयाच्या संदर्भात, तेच नाव येते. म्हणजे सांगणाऱ्याच्या मनात हे लेख जपणारा राजा बेंजामिनच होता.

हरवलेल्या ११६ पानांशी याचा संबंध असावा. ती पाने हरवल्यावर स्मिथने आरंभापासून पुन्हा न सांगता मोसायाहपासून पुढे मजकूर सांगितला, आणि नेफीची पहिली दोन पुस्तके सर्वांत शेवटी सांगितली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याची खूण भाषेत स्पष्ट दिसते: ‘म्हणून’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांपैकी एक शब्द मोसायाहपासून पुढच्या पुस्तकांत प्रामुख्याने येतो, तर ईथर, मोरोनाय आणि मग नेफीची पुस्तके यांत दुसरा शब्द वरचढ होतो. ग्रंथातील कालक्रमाने पाहिले तर हा बदल निरर्थक ठरतो, सांगण्याच्या क्रमाने पाहिले तर तो एका माणसाच्या सवयीतील सलग बदल दिसतो.


उत्तरकाठ

शब्दाची सवय भाषांतरकाराची असू शकते, आणि ती १८२९ च्या वसंतात बदलली असू शकते. त्यावरून मूळ मजकूर नव्हता असे निघत नाही. बेंजामिनच्या बाबतीतही, त्याच्या मृत्यूचा काळ आणि त्या देणगीविषयी सांगणारा अम्मोन मोहिमेवर निघाल्याचा काळ इतके जवळ आहेत की बोलणाऱ्याला तो जिवंत वाटत असणे शक्य आहे. ईथरमधील उल्लेखाला मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

अब्राहामाचे पुस्तक या स्मिथच्या दुसऱ्या ग्रंथाविषयी माझे मत वेगळे आहे, आणि तिथे मी आपल्या बाजूला आहे. १८३५ मध्ये कर्टलँड येथे मायकेल चँडलर नावाच्या फिरत्या प्रदर्शनकाराकडून २,४०० डॉलरना चार ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या घेतल्या गेल्या. त्यांतील एक अब्राहामाने स्वतः लिहिलेली आहे असे स्मिथने सांगितले, आणि १८४२ मध्ये तो मजकूर व चित्रे प्रसिद्ध झाली. हे पपायरस जळून गेले असे सर्व धरून चालले होते, पण १९६६ मध्ये त्यांचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आढळले आणि १९६७ मध्ये चर्चला मिळाले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी ते वाचले तेव्हा होर नावाच्या एका पुरोहिताच्या अंत्यविधीचा, अब्राहामाच्या काळानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी लिहिलेला मजकूर त्यांत होता. २०१४ मध्ये चर्चनेही आपल्या निबंधात मान्य केले की, उपलब्ध तुकड्यांत अब्राहामाचे नाव किंवा त्या पुस्तकातील घटना येत नाहीत. पपायरस हे केवळ प्रेरणेचे निमित्त होते असे आता काहीजण म्हणतात. माझ्या एका शेजारणीने हे वाचून पंथ सोडला आणि दुसरी आजही श्रद्धेने प्रार्थनासभेला जाते. दोघींनी तोच निबंध तितक्याच गांभीर्याने वाचला आहे.


मेघदूती

मग सुवर्णपत्रे पाहिल्याची साक्ष देणाऱ्या तीन आणि आठ साक्षीदारांचे काय करायचे? त्यांतील अनेकजण पुढे स्मिथपासून दुरावले, तरी त्यांनी साक्ष मागे घेतली नाही असे म्हणतात.


अक्षरयात्री

ती साक्ष मी हलकी मानत नाही. काउडरी, व्हिटमर आणि हॅरिस हे तिघेही पंथाबाहेर पडले, काउडरी व हॅरिस पुढे परतले, व्हिटमर कधीच परतला नाही, आणि तिघांनी अखेरपर्यंत साक्ष कायम ठेवली. त्यांना काहीतरी दिसले असे ते प्रामाणिकपणे मानत होते असेच मी धरतो. मात्र तिघांचे ते दर्शन देवदूताच्या उपस्थितीतील होते, आणि ते कितीही खरे मानले तरी मार्कच्या जोडलेल्या समारोपाचा किंवा ‘तांबड्या समुद्राचा’ उलगडा त्यातून होत नाही. साक्षीदार पत्र्यांविषयी बोलतात, इंग्रजी मजकुराविषयी त्यांना काहीही पडताळता येत नव्हते.

ज्यांना स्वतः पाहायचे असेल त्यांच्यासाठी सांगतो: ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ या प्रकल्पात मुद्रणप्रत २०१५ मध्ये आणि मूळ हस्तलिखिताची उरलेली पाने २०२२ मध्ये छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली आहेत. यशयाच्या उताऱ्यांपासून सुरुवात करावी आणि शेजारी किंग जेम्स उघडून ठेवावे. तिरप्या अक्षरांत छापलेले शब्द, म्हणजे किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी वाक्यपूर्तीसाठी घातलेले शब्द, कुठे गाळले आहेत तेही पाहावे, कारण पाठातील फरक अशा शब्दांभोवती वारंवार दाटलेले आहेत. बेंजामिनच्या ओळीसाठी मात्र मुद्रणप्रतीवरच थांबावे लागेल, कारण मूळ हस्तलिखितातील ते पान कोनशिलेतल्या ओलीतून वाचलेले नाही.